बेटावरची शेवटची संध्याकाळ: कुटुंबासह शिडाच्या बोटीने परतण्याआधीची तयारी

घरच्यांना घेऊन शिडाच्या बोटीने पहिल्यांदाच एखाद्या दूरच्या बेटावर गेला असाल आणि उद्या सकाळी परत निघायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. दूरचं बेट म्हणजे जिथे धक्का नाही, इंधन मिळत नाही आणि मोबाईलला रेंज असेलच असं नाही. जाण्याच्या तयारीवर लोक भरपूर लिहितात. शेवटच्या संध्याकाळी मात्र सगळ्यांचा मूड सुट्टीचा असतो, मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात, आणि अंधार पडल्यावर लक्षात येतं की डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) अजून पाण्यात आहे, सकाळच्या खाण्याचा पत्ता नाही आणि नांगर आज कुणी पाहिलेलाच नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. परतीचा प्रवास आदल्या दुपारी सुरू झाला असं धरायचं. ज्या कामांना उजेड लागतो ती आधी, बाकीची नंतर. सूर्यास्ताच्या तासभर आधी कामं संपली, तर तो तास खरोखर सगळ्यांचा होतो. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. दुपारी हवामान बघा, आणि ‘उद्या नाही’ हा पर्याय उघडा ठेवा

सगळ्यात मोठा धोका वादळाचा नसतो, परवाच्या ऑफिसचा आणि शाळेचा असतो. घरी पोचायची तारीख ठरलेली असली की माणूस अंदाज वाचताना सोयीचं तेवढंच वाचतो. म्हणून सहल आखतानाच निदान एक दिवस राखीव ठेवा. तसा ठेवला नसेल, तर आज संध्याकाळी ज्यांना कळवायचं त्यांना कळवून टाका की एखादा दिवस उशीर होऊ शकतो. हा निरोप गेला की डोकं मोकळं होतं आणि निर्णय बरे होतात.

अंदाज वाचताना तीन गोष्टी नवख्यांच्या हातून निसटतात.

पहिली, अंदाजात दिलेला वारा सरासरी असतो. झोत त्याहून बरेच जोरदार येऊ शकतात. २० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) लिहिलं असेल, तर मनाने २५-२८ ची तयारी ठेवा.

दुसरी, लाटांची उंची. अंदाजातला आकडा हा सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. २ मीटर लिहिलं असताना मधूनच एखादी त्याच्या दुपटीच्या आसपासची लाट येणं हे अंदाज चुकल्याचं लक्षण नाही. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघा. २ मीटरची लाट दर दहा सेकंदांनी आली तर बोट सावकाश चढते-उतरते; तीच दर पाच सेकंदांनी आली तर आतली माणसं आजारी पडतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: दिशा. येताना वारा पाठीशी होता आणि प्रवास मजेत झाला, तर जाताना तोच वारा तोंडावर असणार. १५ नॉटच्या वाऱ्यात पाठीवर वारा घेऊन ६ नॉटने जाताना अंगाला ९ नॉटच लागतो. तोच वारा समोरून ४५ अंशांवर घेऊन ५ नॉटने जाताना तो १९ नॉटच्या जवळपास जाणवतो. समुद्र तोच, दिवस तसाच, पण घरच्यांना ही वेगळीच सहल वाटते. ‘येताना काहीच त्रास झाला नाही’ हा परतीसाठी पुरावा नव्हे.

बोटीवर बॅरोमीटर असेल तर दर तीन तासांनी आकडा लिहून ठेवा. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. त्यामुळे दुपारी तो थोडा उतरला म्हणून घाबरू नका. संध्याकाळी मात्र तो चढायला हवा. चढला नाही, उलट उतरतच राहिला, तर उद्याचा बेत बाजूला ठेवा.

२. परतीचं गणित उलटं मांडा

‘पहाटे किती वाजता निघायचं’ इथून सुरुवात करू नका. ‘पलीकडे किती वाजता पोचायचं’ इथून करा. अनोळखी किंवा अडचणीच्या बंदरात उजेडी पोचायचं, हा कुटुंबासाठी पक्का नियम. मग मागे मोजत या.

६० सागरी मैल, सरासरी ५ नॉट, म्हणजे १२ तास. बोटीचा सगळ्यात चांगला वेग धरू नका, येताना पडलेली खरी सरासरी धरा. वारा समोरून असेल तर नागमोडी जावं लागतं. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर जायचं म्हटलं तर ६० मैलांचे जवळजवळ ८५ होतात. १२ तासांचे १७ झाले की दिवसाउजेडी पोचणं संपलं. अशा वेळी पर्याय तीनच: अनुकूल वाऱ्याची वाट बघणं, वाटेत एखादा सुरक्षित थांबा घेणं, किंवा ठरवून रात्रीचा प्रवास करणं. ‘बघू, इंजिन लावू’ हा पर्याय इंधन मोजल्याशिवाय मांडायचा नाही.

बेटाभोवती प्रवाळ असेल तर निघण्याच्या वेळेलाही बंधन येतं. पाण्याखालचा खडक नीट दिसायला सूर्य वर आणि पाठीमागे लागतो. पहाटे पूर्वेकडच्या वाटेने बाहेर पडायचं असेल तर समोरचं ऊन पाण्यावर चमकतं आणि काहीही दिसत नाही. जीपीएसवर येतानाच्या वाटेचा माग जपून ठेवला असेल तर त्यावरून बाहेर पडता येतं. अरुंद तोंडातून जायचं असेल तर भरती-ओहोटीच्या वेळाही बघा. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असेल आणि वारा आत येत असेल, तर तोंडाशी उभ्या, तुटक्या लाटा उठतात.

हे सगळं कागदावर लिहा. त्याच कागदावर रात्री बाहेर पडायची वाटही लिहा: नांगराच्या जागेपासून मोकळ्या समुद्रापर्यंत कोणत्या अंशाने, किती अंतर. रात्री दोनला वारा फिरला आणि बेट अचानक वाऱ्याखाली आलं, म्हणजे वारा बोटीला बेटाकडे ढकलू लागला, तर तेव्हा नकाशा उघडून बसायला कुणाला सुचत नाही.

३. नांगर डोळ्यांनी बघून या

गॉगल लावून पोहत जा आणि नांगर बघा. पाणी गढूळ असेल किंवा प्रवाह जोरात असेल तर उतरू नका. मग इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का ते तपासा. पोहणाऱ्याबरोबर दुसरं माणूस डेकवर हवंच, आणि इंजिनची किल्ली काढून खिशात.

बघायचं काय? नांगराचं टोक वाळूत रुतलंय का, की तो आडवा पडलाय. साखळी खडकाभोवती गुंडाळली आहे का. काही दिवस एकाच जागी वाऱ्याबरोबर फिरलात की साखळी प्रवाळाच्या गोळ्याला वेढे घालते. सकाळी निघायच्या घाईत हे कळलं तर तास-दीड तास जातो आणि प्रवाळ तुटतं ते वेगळंच.

साखळी किती सोडली आहे तेही पुन्हा मोजा. हिशेब करताना पाण्याची खोली, पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची आणि रात्री चढणारी भरती, असं तिन्ही धरायचं. खोली ५ मीटर, टोक १ मीटर, भरती २ मीटर, म्हणजे ८. पूर्ण साखळी असेल तर त्याच्या पाचपट, ४० मीटर. साखळीनंतर दोर असेल तर सातपट, ५६ मीटर. नवखे लोक फक्त खोली धरतात आणि २५ मीटरवर समाधानी होतात. उधाणाचे दिवस असतील, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तर हा फरक आणखी बोचतो. आणि ओहोटीला तळाखाली किती पाणी उरेल, हेही त्याच बैठकीत बघून टाका.

४. इंजिन, पाणी, बॅटरी

हे भराभर होतं. इंजिन थंड असताना तेल, कूलंट, पट्टा आणि समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी बघा. इंधनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये पाणी साठलंय का बघा. मग इंजिन सुरू करून मागून थंडावणारं पाणी बाहेर पडतंय याची खात्री करा. पडत नसेल तर ताबडतोब बंद. टाकीत किमान एक-तृतीयांश इंधन राखीव राहील असाच बेत हवा. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर भार नसताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्यावर असेल तर रात्रभर दिवा, फ्रिज आणि उपकरणं एकदम चालवू नका. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ३-४ लिटर, आणि प्रवास एक दिवसाचा असला तरी दोन दिवसांचं.

५. किनाऱ्यावरची शेवटची फेरी

मुलांसाठी ही संध्याकाळ इथेच असते, त्यामुळे तिला वेळ द्या. घाई करायची ती वरच्या कामांत करा, इथे नको.

शेकोटीचा मोह सगळ्यांनाच होतो. माझं मत विचाराल तर नको. बेटावर परवानगी नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, तर भरतीच्या रेषेच्या खाली पेटवा आणि विझवताना भरपूर पाणी ओता. वाळू टाकून विझवू नका. वरून थंड दिसते, पण खाली निखारे कितीतरी तास धगधगत राहतात, आणि अनवाणी धावणारं पोर त्यावरच पाय टाकतं.

शंख-शिंपले गोळा करू देत, फोटो काढू देत, पण परत ठेवायला लावा. रिकामा शंख हे संन्यासी खेकड्याचं पुढचं घर असतं. उलट दिशेची काळजीही आहेच: बूट, पिशव्या, खेळणी पाण्यात धुऊन, झटकून मगच बोटीत घ्या. बिया, मुंग्या, किडे असेच एका बेटावरून दुसरीकडे जातात.

कचरा सगळा परत न्यायचा. प्लास्टिक समुद्रात टाकायला जगात कुठेही परवानगी नाही. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचा हा नियम १९८८ अखेरपासून लागू आहे आणि तो लहान बोटींनाही लागतो.

अंधार पडल्यावर किनाऱ्यावर टॉर्च फिरवू नका. कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी भलतीकडे जातात. रात्री उडणारे समुद्रपक्षीही दिव्याकडे खेचले जातात आणि डोलकाठीवर आदळतात. म्हणून बोटीच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्या.

परत निघताना माणसं मोजा, लाईफ जॅकेट मोजा, चपला मोजा. आमच्याकडे मोजणीचं काम धाकट्यांकडे असतं; ते मोठ्यांपेक्षा जास्त कडक असतात.

६. डिंगी आजच वर घ्या

सकाळी लवकर निघायचं असेल तर हे काम रात्रीवर किंवा पहाटेवर ढकलू नका. आधी डिंगीचं इंजिन दोराने बांधून वर घ्या, मग इंधनाची टाकी, मग डिंगी. उघड्या समुद्रात डिंगी मागे ओढत नेणं हा सोयीचा वाटणारा सापळा आहे. लाटांत ती उलटते, दोर तुटतो किंवा बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकतो. पण डिंगी वर घेतली की किनाऱ्याशी संपर्क तुटतो, म्हणून ‘माझी टोपी तिकडेच राहिली’ हे वाक्य आधीच ऐकून घ्या.

७. आवराआवर, खाणं आणि मळमळ

बोट कलल्यावर जे जे पडेल ते आत्ताच पडलंय असं समजून जागेवर लावा. जड वस्तू खाली आणि मधोमध. कपाटांच्या कड्या, फ्रिजचं दार, डेकवरची झाकणं, सगळं बंद. शौचालयाच्या पाण्याच्या झडपा कुणी बंद करायच्या ते ठरवा. स्वयंपाक झाला की गॅसच्या सिलिंडरचा मुख्य कॉक बंद. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साठून राहतो आणि नाकाला उशिरा कळतो.

उद्याचं खाणं आज करून, हातात धरून खाता येईल असं डब्यात भरा. उद्या हलत्या बोटीत खाली वाकून काही चिरणारा माणूस हमखास आजारी पडतो. आजचं जेवण हलकं ठेवा. मद्य उद्या घरी पोचल्यावर.

मळमळीची औषधं लक्षणं दिसण्याआधी घेतली तरच नीट लागू पडतात. कानामागे लावायची स्कोपोलामाईनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते, आणि ती मुलांसाठी नाही. मुलांना कोणतं औषध, किती, हे सहलीआधी डॉक्टरांना विचारून लिहून घेतलेलं असावं. दुसऱ्याच्या पाकिटातली अर्धी गोळी देणं बंद. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे सुकाणूवर बसणाऱ्याने आधी कधीतरी घेऊन पाहिलेलीच गोळी घ्यावी.

८. हाताशी असायची पिशवी

एक पाणी न शिरणारी पिशवी घ्या आणि ती जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ बांधा. तिच्यात:

- बोटीची नोंदणी, विमा, भाड्याची असेल तर करार
- सगळ्यांची ओळखपत्रं. दुसऱ्या देशाच्या हद्दीतून येत असाल तर पासपोर्ट आणि मागच्या बंदराचा निर्गमन दाखला
- बोटीवरच्या माणसांची यादी: वय, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं
- वाटेचा कागदी नकाशा, भरतीचं कोष्टक, परतीच्या गणिताचा तो कागद
- चार्ज केलेला हातातला व्हीएचएफ रेडिओ (बोटींवर बोलण्यासाठी वापरतात तो)
- मुदत न संपलेले फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे)
- प्रत्येकी एक हेडलॅम्प, शक्यतो लाल उजेडाचा
- प्रथमोपचार आणि नेहमीची औषधं

ईपर्ब नावाचं संकट-संदेश उपकरण असेल तर ते नोंदवलेलं आहे ना, बॅटरीची मुदत आहे ना, हे बघून त्याच्या कडीतच राहू द्या. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश देतं. नोंदणी नसेल तर शोधणाऱ्यांना कोण संकटात आहे हेच कळायला वेळ जातो.

९. सगळ्यांना एकत्र बसवून बोला

दहा मिनिटं पुरतात, आणि ही वेळ सूर्यास्ताची ठेवा, कारण तेव्हा सगळे डेकवर असतातच. उद्याची वाट नकाशावर बोटाने दाखवा. कंटाळा कधी येईल, हलणं कधी जास्त असेल, हे मुलांना खरं सांगा. ‘काही होणार नाही’ असं सांगितलेलं मूल पहिल्या जोरदार धक्क्याला घाबरतं. ‘दहा ते बारा जरा जास्त हलेल’ असं सांगितलेलं मूल घड्याळ बघत बसतं.

नियम थोडे आणि न मोडायचे. डेकवर मुलांना कायम लाईफ जॅकेट, मांड्यांमधला पट्टा लावून. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली निसटतं. अंधारात आणि एकटं असताना प्रत्येकाने हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा-पट्टा, बोटीला अडकवलेला. डेकवरून लघवीला जायचं नाही, पुरुषांनीसुद्धा.

कप्तानाला काही झालं तर काय, हेही सांगा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला इंजिन सुरू करणं, शीड उतरवणं, रेडिओवर चॅनेल १६ लावून बोटीचं नाव, जागा, अडचण आणि माणसं किती हे सांगणं आज करून दाखवायला लावा. अर्थात रेडिओचं बटण न दाबता. कुटुंबाच्या बोटीवर बहुतेक वेळा एकालाच सगळं येतं, आणि ही त्या बोटीची खरी कच्ची बाजू असते.

१०. रात्र

सूर्यास्ताला नांगराचा दिवा लावा. ५० मीटरपेक्षा लहान बोटीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा, हा टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम आहे. ‘आजूबाजूला कुणीच नाही’ असं म्हणून तो विझवू नका. बिनदिव्याची कोळ्यांची होडी पहाटे त्याच खाडीत येऊ शकते.

मोबाईलवर नांगराचा अलार्म (बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर सरकली की वाजणारा) लावताना एक चूक सर्रास होते: बोट आत्ता आहे ती जागा मध्यबिंदू म्हणून धरली जाते. मध्यबिंदू नांगर पडला ती जागा हवी. नाहीतर वारा फिरून बोट दुसऱ्या बाजूला गेली की उगाच अलार्म वाजतो, आणि तिसऱ्यांदा वाजल्यावर कुणीतरी तो बंद करून झोपतं.

रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटू शकतो, बोट तोंड फिरवते. ते नेहमीचं आहे. वारा समुद्राकडून बेटाकडे वाहू लागला तर मात्र कप्तानाला उठवायचं, वेळ कितीही असो. हवा शांत असेल तर सगळ्यांनी झोपावं. शंका असेल तर मोठ्यांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावाव्यात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून पाळीवर पांढरा टॉर्च नको.

मुख्य शिडाला पहिला रीफ आज उजेडातच घालून ठेवा, म्हणजे शिडाचा थोडा भाग दुमडून बांधून ते लहान करा. सकाळी वारा कमी निघाला तर सोडायला दोन मिनिटं लागतात.

११. सकाळी पुन्हा एकदा ठरवा

कालचा निर्णय काल होता. उठल्यावर बॅरोमीटर, आकाश आणि मिळाला तर नवा अंदाज बघा. मोठ्यांपैकी कुणीही एकाने ‘नको’ म्हटलं तर निघायचं नाही, असा नियम ठेवा, आणि त्याला कारण सांगायला लावू नका.

निघायचं ठरलं, तर किनाऱ्यावरच्या तुमच्या माणसाला निघाल्याची वेळ, वाट, बोटीवर किती जण आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर तटरक्षकांना कळवायचं, हे लिहून पाठवा. रेंज नसेल तर रेडिओवरून किंवा उपग्रह संदेशाने. पोचल्यावर बोट बांधली की आधी त्याला फोन करा. सामान उतरवण्याच्या गडबडीत हे राहून जातं, आणि तिकडे बंदरात सुखरूप बसलेल्या बोटीसाठी शोधमोहीम सुरू होते.